पाळी लेकीची, लेख आईचा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी 42 वर्षांची आहे, नाशिकला राहते. मुलगी आठवीत, धाकटा दुसरीत, आणि सासूबाई आमच्याजवळच असतात. मुलगी तान्ही असताना मी नोकरी सोडली आणि ब्लॉग लिहायला लागले. दिवसभर बोलायला कुणी नसायचं. तिचा पहिला दात, बालवाडीतलं रडणं, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी, ‘अहों’चा बाजारहाट, असं सगळं लिहीत गेले. लेखांची लिंक फेसबुकवर टाकते. वाचणारे बरेच आहेत.

मध्यंतरी मुलीला पाळी सुरू झाली. आम्ही तिला बाजूला बसवलं नाही, उलट सासूबाईंनी शिरा केला. मला इतका अभिमान वाटला की त्याच रात्री लेख लिहिला, तिचा हसरा फोटोही टाकला. भरपूर कौतुक झालं. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने तो ‘सगळ्यांनी वाचावा असा’ म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी तिला ‘ए शिरा’ अशी हाक मारली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘तुला सांगितलं की सगळ्यांना कळतं,’ म्हणाली.

त्यातच सासूबाईंचं. त्या हल्ली विसरतात. गॅस चालू राहतो, एकच प्रश्न पाच वेळा विचारतात, नातवाला दिरांच्या नावाने हाक मारतात. मी त्यावर तीन लेख लिहिले. पाळीच्या लेखासकट सगळ्यांच्या प्रती सोबत पाठवते आहे. साताऱ्याच्या नणंदबाईंनी फोन केला, ‘आईला वेडी ठरवायचं चाललंय का?’ आणि सासूबाईंना लेख वाचून दाखवला. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण आता माझ्यासमोर बोलता बोलता थांबतात.

नवरा म्हणतो, बंद कर. पण घरात माझं असं हे एकच आहे. मी खोटं काही लिहिलं नाही, वाईट हेतूने तर नाहीच. कायद्याने काही चुकलंय का? ब्लॉग बंद करू का? आणि धाकटा गॅदरिंगमध्ये वासुदेव झाला होता, तो फोटो टाकू की नको?

उत्तर

ब्लॉग बंद करू नका. लेकीच्या पाळीवरचा लेख मात्र आज काढा. हे उत्तर वाचून संपायच्या आधी काढलात तरी चालेल.

काढायचा म्हणजे कायमचा पुसायलाच हवा असं नाही. ब्लॉगरवर लेख पुन्हा ‘ड्राफ्ट’ करता येतो, वर्डप्रेसवर ‘प्रायव्हेट’. मजकूर तुमच्यापाशी राहतो, बाहेर दिसत नाही. फेसबुकवरची पोस्ट वेगळी काढावी लागते, कारण ब्लॉगवरचा लेख गेला तरी त्याचं शीर्षक आणि तिचा फोटो तिथे तसाच राहू शकतो. गुगलच्या शोधात तो काही दिवस दिसत राहील. जुना शोधनिकाल ताजा करून घ्यायची विनंती गुगलकडे करता येते, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचे फोटो शोधातून काढायची विनंती मूल स्वतः किंवा आईवडील करू शकतात. ही सोय 2021 पासून आहे. लेकीची तयारी असेल तर तिला शेजारी बसवून हे करा. कुणी मजकूर उचलून पुढे पाठवला असेल, फोटो मोबाइलमध्ये ठेवला असेल, तर तो मात्र परत येणार नाही, आणि हे तिला स्पष्ट सांगायला हवं. ‘आता सगळं पुसलं’ असं आज सांगितलंत आणि महिन्याभराने कुणाच्या मोबाइलवर तिला तोच लेख दिसला, तर तुमच्यावरचा उरलासुरला भरवसाही जाईल.

वर्गाच्या ग्रुपवर काहीही लिहू नका. खुलासा नको, निषेध नको, ‘कृपया डिलीट करा’सुद्धा नको. विषय मागे पडत असेल तर तुमच्या एका मेसेजने तो पुन्हा वर येईल, आणि ज्यांनी लेख उघडला नव्हता तेही उघडायला जातील. ज्या बाईंनी तो टाकला त्यांना एकटं गाठून बोला. त्यांनीही चांगल्या मनानेच टाकला होता, त्यामुळे त्या समजून घेतील असं मला वाटतं. ‘शिरा’ म्हणून हाक मारणाऱ्या मुलांचं काय करायचं ते मात्र लेकीला विचारून ठरवा. वर्गशिक्षिकांशी बोलावं असं तिला वाटलं तर बोला आणि काय बोलणार ते आधी तिला सांगा. तिच्या पाठीमागे शाळेत जाऊ नका. तिच्या बाबतीत सध्या हीच एक गोष्ट नको आहे.

मग तिची माफी. माफी मागताना हेतू समजावून सांगायचा मोह होईल. तो टाळा. आईने प्रेमानेच लिहिलं हे तिला पक्कं माहीत आहे, आणि तिची कोंडी तिथेच झाली आहे. वाईट हेतूने कुणी लिहिलं असतं तर तिला सरळ चिडता आलं असतं. इथे चिडलं की आपणच कृतघ्न, असं त्या पोरीला वाटत असणार. म्हणून तिला एवढंच सांगा की तुझी गोष्ट मी तुला न विचारता लोकांना सांगितली, ते चुकलं, लेख काढला आहे, आणि यापुढे तुझ्याबद्दलची ओळसुद्धा तुला वाचायला दिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. मग तिने काही बोलावं म्हणून थांबू नका. ती आठ दिवस बोलणार नाही कदाचित, महिनाही लागेल. आणि या माफीवर लेख लिहू नका, कितीही सुचला तरी.

आता तुमचं ते वाक्य, ‘मी खोटं काही लिहिलं नाही.’ खोटं लिहिलं असतं तर तिला नाही म्हणून सुटता आलं असतं. लेख खरा होता, फोटो तिचा होता, शिरा खरंच झाला होता. ती काय बोलणार?

पूर्वीही बायका घरातलं बाहेर सांगायच्याच. नळावर, ओट्यावर, हळदीकुंकवाला. पण ऐकणाऱ्या बायकांना ती मुलगी माहीत असायची. तिचा गळा गोड आहे, ती गणितात हुशार आहे, तिला मांजरांचं वेड आहे, हे सगळं ठाऊक असलेल्या माणसांत तिच्या पाळीची गोष्ट पोचायची, आणि बाकीच्या गोष्टींत मिसळून जायची. लिंक उघडणाऱ्याला तिच्याबद्दल एवढी एकच गोष्ट कळते. वर्गातल्या तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात तर कुणाला तरी चिडवायला आयतं नाव सापडतं.

तुमचा विषय चुकीचा होता असं मी म्हणत नाही, उलट त्यावर आणखी लिहायला हवं. ‘कावळा शिवला’ म्हणत बायकांना कोपऱ्यात बसवणं अजून संपलेलं नाही. गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागायला औषधाच्या दुकानात आजही बायका येतात. गडचिरोलीत कुर्माघरं आहेत, पाळीच्या दिवसांत बायकांनी वेगळं राहायच्या झोपड्या. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर 2019 साली एवढी चर्चा झाली, त्यामागेही पाळीच्या दिवसांत होणारा खाडा आणि त्यापायी भरावा लागणारा दंड ही कारणं बायकांनी सांगितली होती. अशा राज्यात एका घरात शिरा होतो ही सांगण्यासारखी गोष्ट आहेच. पण ती सांगायला लेकीचं शरीर का लागावं?

तुम्ही 42 वर्षांच्या, म्हणजे तुमची स्वतःची पाळी 1995-96 च्या आसपास कधी तरी आली असेल. तुम्हाला आधी कुणी काही सांगितलं होतं का? कापडाच्या घड्या कुठे वाळत घालायच्या? देवघर किती लांब होतं, लोणच्याच्या बरणीला हात लावायची मुभा होती का? लग्नानंतर सासरी आल्यावर पहिल्या महिन्यात काय झालं? गणपतीत कधी गोळ्या घेतल्यात का, आणि कुणाच्या सांगण्यावरून? हे तुम्ही लिहा. त्यात उघडं पडणारं माणूस तुम्ही स्वतः आहात, आणि त्याची परवानगी फक्त तुम्ही देऊ शकता. माझ्यापाशी याहून मोठा नियम नाही. लेखातली लाज, भीती, फजिती कुणाची आहे ते बघायचं. ती आपली असेल तर लिहावं. दुसऱ्याची असेल तर त्याने सांगितल्याशिवाय लिहू नये, मग तो दुसरा आपल्या पोटचा का असेना.

तुम्ही पाठवलेल्या प्रतीतही मला सगळ्यात मोलाची वाटली ती ओळ लेकीची नाहीच. सासूबाईंनी रवा भाजायला घेतला, ती आहे. त्या स्वतः तरुणपणी तीन दिवस बाजूला बसल्या असतील. आपल्या सासूला कधी शब्दाने बोलल्या नसतील. त्या बाईने नातीसाठी आपण होऊन कढई चढवली. ही गोष्ट त्यांची आहे, आणि ती त्यांना विचारण्यासारखी आहे. मी लवकरच तिथे येते.

त्याआधी दुसरं काही. तुमच्या पत्रात आणि तिन्ही लेखांत डॉक्टरांचा उल्लेख कुठेच नाही. गॅस चालू राहणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, नावांची अदलाबदल, हे वयाचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. बी-12 कमी असणं, थायरॉइड, झोपेची किंवा इतर औषधं, मनाची उदासी, ऐकू कमी येणं, यांनीही विसरायला होतं, आणि यातल्या कितीतरी गोष्टींवर उपाय असतो. शाकाहारी माणसांत बी-12 ची कमतरता बरीच आढळते. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्ताच्या तपासण्या करून घ्या, त्यांनी सांगितलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात निघाली तरी लवकर कळलेलं बरं. तोवर शेगडी वापरून झाली की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या.

त्या तीन लेखांपैकी एकात तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही धाकट्याला शाळेतून आणायला जाता तेव्हा आई घरात एकट्याच असतात. हे वाचून मला धस्स झालं. विसरणारी म्हातारी बाई, घरात एकटी, साधारण वेळही ठाऊक, शहर ठाऊक. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचं सांगून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वयस्कर माणसांना तासन् तास फोनवर अडकवून ठेवणाऱ्या टोळ्यांना याहून जास्त काय हवं असतं? ती ओळ लगेच जायला हवी. सासूबाईंच्या मोबाइलवर अनोळखी नंबर बंद करून ठेवा, आणि 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही जवळ असू द्या.

आता प्रश्न राहतो तो हे लेख ठेवायचे का याचा. लेकीला विचारता येतं, सासूबाईंना विचारून भागत नाही. आज त्या ‘लिही गं, त्यात काय’ म्हणतील आणि उद्या आपण हो म्हटलं होतं हेच त्यांना आठवणार नाही. अशा होकारावर भार टाकू नये. मी असं विचारेन की दहा वर्षांपूर्वी, सगळं भान शाबूत असताना, त्यांना हे चाललं असतं का? त्या कशा आहेत ते तुम्हीच फार सुंदर लिहिलं आहे, दारावरची बेल वाजली की आधी पदर सारखा करून मग दार उघडणाऱ्या. गॅस विसरल्याची गोष्ट शेकडो लोकांनी वाचलेली त्या बाईंना चालली असती असं मला वाटत नाही. तेही लेख काढा.

नणंदबाईंबद्दल. लेख आईला वाचून दाखवणं निर्दयपणाचं होतं, आणि हे मी सौम्य करून सांगणार नाही. राग तुमच्यावर होता, घाव सासूबाईंवर बसला. तरी त्यांच्या ओरडण्याखाली भीती आहे हे ध्यानात घ्या. आई विसरायला लागली हे लांब राहणाऱ्या लेकीला लोकांबरोबर, फेसबुकवर कळलं. ते घरातून फोन करून आधी कळायला हवं होतं. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी त्यांना बोलावून घ्या, आठ दिवस राहू द्या. एक दिवस आईबरोबर काढला की त्यांचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतील, आणि पुढे लागणाऱ्या मदतीची बोलणीही तेव्हाच होतील.

सासूबाई तुमच्यासमोर थांबतात, कारण आपण बोललेलं पुन्हा कुठे तरी लिहिलं जाईल ही धास्ती. त्यांना लेखांचं स्पष्टीकरण देत बसू नका. ‘आई, ते सगळं मी काढून टाकलं,’ एवढं सांगा, विसरल्या तर पुन्हा सांगा. आणि त्यांच्याकडून जुनं ऐकायला बसा. सकाळचं नाश्त्याचं आठवत नसलं तरी माहेरच्या अंगणातली चिंच आणि लग्नातला गोंधळ अशा आजारात सुरुवातीला बराच काळ शाबूत असतो. तुम्ही बाजूला बसायचात तेव्हा काय व्हायचं, शिरा करावा असं तुम्हाला का वाटलं, हे त्यांना विचारा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर त्यांना दाखवून करा. हे घरासाठी असू द्या. छापण्याजोगं काही निघालं तर ते नणंदबाईंनी आणि नवऱ्याने आधी वाचावं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आईने मुलांबद्दल लिहिलं म्हणून आपल्याकडे गुन्हा होत नाही. 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे, पण वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्याच्या बाहेर ठेवली आहे. म्हणजे मुलाचा राखणदार म्हणून कायदा पालकाकडेच बोट दाखवतो. फ्रान्सने 2024 मध्ये मुलाच्या प्रतिमेचा मान राखणं हे आईवडलांचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 ला खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि लहानपणच्या अजाण चुकांची फळं मुलांना जन्मभर भोगावी लागू नयेत असं न्यायमूर्ती कौल यांनी त्या निकालात लिहिलं. तुमच्या लेकीने तर चूकही केलेली नाही.

नवऱ्याचं ‘बंद कर’ ऐकू नका आणि उडवूनही लावू नका. त्यांना नेमकं काय लागलं ते विचारा. आईबद्दलचं लागलं असेल, पण इतकी वर्षं ‘अहों’च्या फजितीवर लोक हसत आले, ऑफिसात कुणी काही बोललं असेल, तेही साचलं असेल. ते सांगतील तेवढे लेख काढा. सगळा ब्लॉग बंद करायचा हक्क मात्र त्यांचा नाही. तान्ह्या मुलीला घेऊन दिवसभर एकटी बसलेली बाई लिहून तगून राहिली, हे त्यांनाही कधी तरी नीट सांगायला हवं.

जुन्या लेखांपैकी मुलांचे आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो कुणालाही न विचारता काढा, असे फोटो कुठे जातात याचा नेम नसतो. बाकीचं लेकीच्या हवाली करा. तिच्या लहानपणचे सगळे लेख ड्राफ्टमध्ये टाका, आणि ती तयार होईल तेव्हा एकेक वाचून ठेवायचा की नाही ते तिने ठरवावं. पहिल्या दाताचा लेख ती ठेवील असा माझा अंदाज आहे. नाही ठेवला तरी हुज्जत घालू नका.

आणि एक वही आणा. पाळीचा लेख तुम्ही त्याच रात्री लिहिलात, सासूबाईंवरचेही त्या-त्या दिवशीच. मन भरून आलेलं असताना लिहायलाच हवं, तुम्ही ज्या घरात आहात तिथे तर फारच. विसरणाऱ्या माणसाला सांभाळणं थकवणारं असतं, चिडचिड होते, चिडल्याची लाज वाटते, आणि हे बोलायला जागा लागते. ते वहीत लिहा, नावानिशी, राग आला असेल तर रागाने. काही महिन्यांनी तीच पानं वाचून बघा. त्यातलं जे तुमच्याबद्दलचं असेल, तुमचा थकवा, तुमची चिडचिड, त्याचे लेख होतील, आणि तुमच्यासारख्याच घरात बसून वाचणाऱ्या बायकांना ते फार जवळचे वाटतील.

वासुदेवाचा फोटो. धाकट्याला विचारा. सात वर्षांचा मुलगा मोरपिसांच्या टोपीतला फोटो दाखवायला बहुधा हो म्हणेल. तरी मागचा शाळेच्या नावाचा फलक आणि शेजारची मुलं कापून टाका, त्यांच्या आईवडलांना तुम्ही विचारलेलं नाही. नको म्हणाला तर का ते विचारू नका. मात्र ‘आत्याला पाठवू का?’ एवढं विचारा, आणि त्याने मान डोलावली तर साताऱ्याला पाठवा.